परसबागेसाठी मागवलेलं कीड-किट: माशीचा सापळा घ्याच, चिकट पाट्या मात्र जपून

आधी निकाल सांगून टाकते, ज्याला घाई आहे त्याचं काम होऊन जाईल. या किटमधला फळमाशीचा सापळा एक नंबर आहे, पाचपैकी पाच स्टार. हातानं दाबायचा छोटा फवारा चार. निंबोळी तेल तीन. पिवळ्या-निळ्या चिकट पाट्या दोन, तेही एका जागी कामाला आल्या म्हणून. आणि सोबत आलेला माहितीचा कागद, त्याला एकही स्टार नाही, कारण पुढे लिहिते. कंपनीचं नाव टाकत नाही, असेच डबे चार-पाच वेगवेगळ्या नावांनी ऑनलाइन दिसतात अन् मला बोलायचं आहे ते मालाबद्दल. किट सहाशेच्या आत पडलं. डिलिव्हरी गावापर्यंत आली नाही, तालुक्याच्या कुरिअर ऑफिसातून आणावी लागली, खेड्यातल्यांनी हे धरूनच चालावं.

आम्ही वर्धा जिल्ह्यात राहतो, कापूस-सोयाबीन-तुरीचं गाव. घरामागे वाडी आहे, तुराट्यांचं कुंपण आहे, न्हाणीचं पाणी नालीनं आत जातं. पावसाळ्यात मांडवावर कारलं अन् दोडकं, एका बाजूनं ढेमसं, कोहळं, मग वांगी, भेदरं (टोमॅटो), मिरची, बरबटी (चवळी), थोडा सांबार (कोथिंबीर), कोपऱ्यात पेरूचं झाड. विकायला काही नाही, घरी खायचं अन् शेजारी वाटायचं. सकाळी तोडलेलं दोडकं दुपारी लेकरांच्या ताटात असतं, त्यामुळे त्याच्यावर काय मारलं जातं हे माझ्यासाठी लहान प्रकरण नाही.

आमच्याकडे घराघरात पऱ्हाटीवर (कापसावर) मारून उरलेली औषधाची बाटली असते, कुठे गोठ्यात, कुठे खाटेखाली. वांग्यात अळी दिसली की तीच बाटली वाडीत येते. मोनोक्रोटोफॉस, ज्याला सगळे नुसतं मोनो म्हणतात, ते भाजीपाल्यावर मारायला सरकारची कधीचीच बंदी आहे, डब्यावर तसं लिहिलेलंही असतं, पण ते बारीक अक्षर कोण वाचते. २०१७ च्या हंगामात आमच्या बाजूच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी अन् मजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. त्यानंतर वावरात थोडेफार मास्क अन् हातमोजे दिसायला लागले, पण वाडीतल्या भाजीचा विषय मागेच राहिला. मला बघायचं होतं की विष न मारता वेल वाचतात का, आणि त्याहून जास्त हे की वाडीत जे आपल्या बाजूचे जीव आहेत, ढालकिडे (लेडीबर्ड), कोळी, बेडूक, सरडे, पाखरं, त्यांना धक्का न लागता हे होतं का. कीड मारणारी वस्तू कुठेही मिळते. निवडून मारणारी किती आहे, यावरच मी किटमधली एकेक गोष्ट तपासली.

तर सापळा. प्लास्टिकचा झाकणवाला डबा, बाजूनं भोकं, आत लटकवलेला ल्यूरचा, म्हणजे माशीला ओढणाऱ्या वासाचा, तुकडा. पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतात ते आपल्या इकडे सगळ्यांना माहीत आहेत, हाही तशाच वासाच्या तत्त्वावर चालतो. कारल्या-दोडक्याच्या फळमाशीचा नर क्यू ल्यूर नावाच्या वासाला भुलतो, डब्यात शिरतो अन् तिथेच मरतो. मादी येत नाही, फक्त नर येतात. नर कमी झाले की माद्यांना जोडीदार मिळत नाही अन् पुढची पिढी घटते. म्हणजे आज लावला अन् उद्या कारली वाचली असं नाही होत हे. उबदार दिवसांत अंड्यापासून नवी माशी तयार व्हायला दोन-तीन आठवडे पुरतात, तेव्हा फरक दिसायलाही तेवढा वेळ द्यावाच लागते. चार दिवसांत "बेकार माल" म्हणून एक स्टार देऊन मोकळे झालेले लोक मी वाचले, त्यांना हे कोणी सांगितलंच नसेल, किटमधल्या कागदावर तर नाहीच आहे.

ही माशी करते काय ते बघितलं की सापळ्याची किंमत कळते. मादी अगदी कोवळं फळ बघून, फूल नुकतंच गळलेलं असताना, सालीत नळी खुपसून आत अंडी घालते. वरून फक्त एक बारीक टोचा दिसतो, कधी त्यातून डिंकासारखं पाझरतं, मग फळ त्या बाजूनं वाकडं होतं, पिवळं पडतं, अन् चिरलं की आत पांढऱ्या अळ्या वळवळत असतात. अळ्या फळाच्या आत असल्यामुळे वरून कितीही महागडं औषध मारा, त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. पोहोचतं ते फळावर अन् तिथून आपल्या पोटात. म्हणून या एका किडीपुरतं तरी फवारणी म्हणजे पैसे पाण्यात, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्यांदा डबा भरला तेव्हा मी तो जुन्या पेपरवर पालथा केला अन् काडीनं एकेक बाजूला करून पाहिलं. सगळ्या फळमाश्या, पिवळट-तपकिरी, पंखांवर डाग असलेल्या. एक मधमाशी नाही, एक ढालकिडा नाही, थोड्या मुंग्या होत्या त्या मेलेल्या माश्या खायला आलेल्या. मी पाचपैकी पाच दिले ते याच्यासाठी. जे पकडायचं तेच पकडलं, बाकी कोणाला हात लावला नाही.

लावताना काही गोष्टी. मांडवाच्या आत सावलीत, छातीच्या उंचीला टांगा, भर उन्हात टांगला तर ल्यूर लवकर उडून जातो, अन् आपल्याकडचं ४५ अंशांचं ऊन म्हणजे उन्हाळी वेलांना ल्यूर जरा लवकरच बदलावा लागतो. एरवी साधारण दीड-दोन महिने चालतो. टांगायच्या तारेला थोडं ग्रीस लावा म्हणजे मुंग्या चढत नाहीत. वेलाला फुलं लागली की लगेच टांगा, फळं किडायची वाट नका पाहू. आणि ल्यूरच्या लाकडी तुकड्याला उघड्या हातानं शिवू नका, माशी तिथेच मरावी म्हणून पुष्कळदा त्याच तुकड्यात कीटकनाशक मुरवलेलं असतं. माझ्या पाकिटावर ही सूचना इंग्रजीत एका ओळीत होती, मराठीत कुठेच नाही. खेड्यात वाडी बायका सांभाळतात, लेकरं मागे-मागे फिरत असतात, ही सूचना मोठ्या अक्षरात मराठीत पाहिजे होती.

आता सापळ्याची मर्यादाही सांगते, नाहीतर उगाच जाहिरात वाटेल. एकट्या घरानं लावला तर काम अर्धंच होतं. शेजारच्या वाडीत नर भरपूर असले तर तिकडे जोडी लागलेली मादी आपल्या मांडवावर येऊन अंडी घालणारच, तिला कुंपण काय अडवणार. आमच्या गल्लीत मी शेजारच्या काकूंना दाखवला, त्यांनी कृषी केंद्रातून सुटा आणला, मग पलीकडच्या घरीही लागला, त्यानंतर खरा फरक पडला. बचत गटाच्या बायांनी मिळून घेतले तर एकदम गल्लीभर होते, मला तर हाच रस्ता सगळ्यात चांगला वाटतो.

सापळ्यासोबत दोन कामं अशी आहेत ज्यांना पैसा लागत नाही. एक, किडलेलं फळ वाडीत किंवा उकिरड्यावर फेकायचं नाही. आमच्याकडे सगळे हेच करतात, तोडलं अन् फेकलं कुंपणाला. त्यातली अळी फळातून बाहेर पडते, जमिनीत वरच्या थरातच कोष करते अन् माशी होऊन परत तुमच्याच मांडवावर येते. किडलेली फळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा अन् कडक उन्हात टाकून ठेवा, नाहीतर दीड-दोन फूट खोल गाडा. दुसरं, कोवळ्या फळाला पिशवी. कागदाची किंवा जुन्या साडीच्या तुकड्याची पिशवी शिवून फूल गळताच कारल्यावर चढवली की माशीला टोचायला जागाच राहत नाही. सगळ्या फळांना नाही जमत, मला माहीत आहे, पण बियाण्यासाठी जे ठेवायचं त्याला तरी चढवा. आणि घरी कोंबड्या असतील तर हंगाम संपल्यावर मांडवाखालची माती वरवर उकरून त्यांना सोडा, कोष वेचून खातात. रोपं लहान असताना मात्र सोडू नका, मुळासकट उकरतात.

किटमध्ये दुसरा ल्यूर पेरूसाठी होता, मिथाइल युजेनॉलचा. हा फरक नीट समजून घ्या कारण दुकानदारही कित्येकदा सांगत नाहीत. कारलं, दोडकं, ढेमसं, काकडी, कोहळं यांच्या माशीला क्यू ल्यूर लागतो. पेरू, आंबा यांची माशी वेगळी, तिला मिथाइल युजेनॉल. उलटं लावलं तर डबा रिकामाच राहणार अन् तुम्ही म्हणणार सापळा खराब. आमचे पावसाळ्यातले पेरू दरवर्षी आतून अळ्यांनी भरलेले असायचे, लेकरं पेरू फोडून बघितल्याशिवाय तोंडाला लावायची नाहीत. आता सगळेच चांगले निघतात असं नाही म्हणणार, पण झाडाखाली सडा पडायचा तो कमी झाला अन् खाण्यासारखे पेरू घरात येऊन राहिले. तुळशीच्या वासालाही पेरूच्या माशीचे नर येतात, त्यामुळे ल्यूर संपला अन् नवीन मिळेना तर तुळशीचा पाला ठेचून बाटलीत टांगता येतो, विकतच्या ल्यूरइतका जोर नसतो अन् पाला सारखा बदलावा लागतो एवढंच.

आता त्या पिवळ्या पाट्या. यांच्याबद्दल मला जरा तळमळीनं लिहायचं आहे कारण आजकाल ज्याच्या-त्याच्या गच्चीवर, वाडीवर या लटकलेल्या दिसतात अन् लोक चिकटलेल्या किड्यांचे फोटो काढून खूश होतात. पिवळ्या रंगाला पांढरी माशी, तुडतुडे, पंखवाला मावा, नागअळीची माशी येते हे खरं आहे. निळ्याला फुलकिडे. पण त्या रंगाला बाकीचेही येतात. मांडवाजवळ लावलेली पाटी मी भिंग घेऊन बघितली. पांढरी माशी होती, तुडतुडे होते, पण त्याच पाटीवर ढालकिडे होते, सिरफिड माश्या होत्या ज्यांची पिल्लं मावा खातात, अगदी बारीक गांधील होत्या ज्या किडीच्या अंड्यांत नाहीतर अळीत आपली अंडी घालतात, अन् मधमाश्याही होत्या. कोहळ्याचं फूल पहाटे उमलतं, ते फळात बदलायला मधमाशी लागतेच, नर फुलातला पराग मादी फुलावर तीच नेते. त्या पिवळ्या फुलाशेजारी तुम्ही पिवळी चिकट पाटी टांगली म्हणजे तिच्या रस्त्यातच फास मांडला की. मग कोहळं धरत नाही, बारीक असतानाच गळून पडते, अन् लोक म्हणतात खत कमी पडलं.

सासूबाई एक दिवस वाडीतून आल्या अन् म्हणाल्या, "काहून वं, हे काय टांगलंस? याच्यात त तो सरडा फसला ना, पाय बी हलवता येऊन नाही राहिला त्याले." जाऊन बघतो तर खरंच, कुंपणावर बसणारा सरडा, चिकटलेले किडे खायला आला असणार, पोट अन् पुढचे पाय पाटीला. ओढून काढायचा नाही, कातडी निघते. कापसाच्या बोळ्यानं जवसाचं तेल हळूहळू लावत गेलो, गोंद सुटला, सरडा गेला. खायचं कुठलंही तेल चालतं याला. त्याच दिवशी मांडवावरच्या सगळ्या पाट्या काढल्या. पाटीला पकडताना शत्रू-मित्र कळत नाही, म्हणून ती स्वस्त असली तरी मला महाग पडते.

दोन स्टार दिले ते मिरचीच्या रोपांसाठी. रोपांच्या वाफ्यावर जुनी मच्छरदाणी ताणली अन् तिच्या आत एक पिवळी अन् एक निळी पाटी ठेवली. आत मधमाशीचं काम नाही, सरडा-पाखरू जात नाही, अन् जी काही पांढरी माशी किंवा फुलकिडे आत घुसतात ते चिकटतात. मिरचीला चुरडा-मुरडा होतो, पानं आकसून वळतात, त्याच्यामागे फुलकिडे, रस शोषणारे अगदी बारीक कोळी (माइट, जाळं विणणारे नव्हे) अन् पांढऱ्या माशीनं आणलेला व्हायरस असतो, रोप लहानपणी वाचलं तर पुढे बरंच निभावते. एवढ्यापुरती पाटी चांगली. उघड्यावर टांगायचीच असेल तर कीड आली का हे बघण्यापुरती एखादी, फुलं यायच्या आधी, अन् भोवती बारीक जाळीची पिंजरी करून.

निंबोळी तेल. बाटलीवर झाडाचा मोठा फोटो, "शंभर टक्के नैसर्गिक" मोठ्या अक्षरात, पण ॲझाडिरेक्टिन, म्हणजे निंबोळीतलं किडीवर काम करणारं द्रव्य, किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) आहे ते शोधून-शोधून मागच्या बाजूला सापडलं, १५०० पीपीएम. हा आकडाच तर पाहायचा असतो. बाजारात ३०० पासून १०००० पीपीएमपर्यंत मिळतं अन् मात्रा त्याच्यावर ठरते, १५०० वालं साधारण लिटरला ५ मिली, १०००० वालं २ ते ३ मिली, तरी डब्यावर दिलं असेल ते आधी धरा. ज्या बाटलीवर आकडाच नाही ती घेऊच नका. आणि निंबोळीकडून मोनोसारखी अपेक्षा करू नका, मारलं अन् किडे टपटप पडले असं ते काम करत नाही. किडीचं खाणं कमी होतं, अळीची कात नीट सुटत नाही, वाढ खुंटते. ऊन लागलं की ॲझाडिरेक्टिन लवकर खराब होतं म्हणून दिवस मावळतानाच फवारा, पानाच्या खालून, कारण मावा-पांढरी माशी खालीच असते. दुपारी मारलं तर पानंही करपतात. दिवस मावळताना मधमाश्याही घरी गेलेल्या असतात, हा दुसरा फायदा.

तीनच स्टार का, तर ही गोष्ट आपल्या दारात फुकट पडते. जूनमध्ये निंबाखाली निंबोळ्यांचा सडा असतो. वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवा. लागेल तेव्हा ५० ग्रॅम निंबोळीचा भरडा फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पिळून घ्या, गाळा, थोडा साबण घाला, झाला पाच टक्के निंबोळी अर्क. कृषी विद्यापीठवाले, कृषी विज्ञान केंद्रवाले वर्षानुवर्षं हेच सांगून राहिले. ज्याच्याकडे निंब नाही, किंवा वेळ नाही, त्यानं बाटली घ्यावी. आणि निंबोळी असली तरी सगळ्या वाडीवर सरसकट मारू नका, ढालकिड्याच्या पिल्लांना तिचाही त्रास होऊ शकतो, जिथे कीड दिसते तेवढ्याच फांदीवर मारा.

छोट्या फवाऱ्याला चार स्टार दिले ते पाहून कोणी म्हणेल प्लास्टिकच्या बाटलीला चार? हो. कारण वाडीसाठी वेगळा फवारा असणं हे आपल्या खेड्यात फार गरजेचं आहे. वावरातला पंप वाडीत वापरला, त्यात आधी तणनाशक गेलेलं असलं, विशेष करून टू-फोर-डी, तर धुतल्यावरही राहिलेल्या अंशानं भेदरांची पानं वळून बारीक होतात, मिरची बसून जाते. मग लोक त्याला रोग समजून आणखी औषध आणतात. एक स्टार कापला तो नोझल सारखं तुंबते म्हणून, निंबोळी अर्क दोन पदरी फडक्यानं गाळावा लागतो.

आता त्या कागदाबद्दल. हिंदी-इंग्रजीत छापलेला, किडींची चित्रं अन् त्यावर लाल फुल्या. त्या फुल्या मारलेल्या चित्रांत ढालकिड्याच्या पिल्लाचं चित्रही होतं! लाल गोल ढालकिडा सगळ्यांना ओळखू येतो, पण त्याचं पिल्लू काळपट, लांबट, अंगावर नारिंगी ठिपके, मगरीसारखं चालणारं, ते बघून बाया ठेचून टाकतात. तेच पिल्लू दिवसभर मावा खात फिरतं, अन् कंपनी लोकांना सांगते की याला मारा. मला हा कागद वाचून फार वाईट वाटलं. ज्याला हे माहीत नाही तो पैसे देऊन आपलेच राखणदार मारून बसेल.

ओळखायचं असं. मावा जिथे असेल तिथे ते काळपट पिल्लू दिसलं तर सोडून द्या. वांग्याच्या पानावर मात्र पिवळं, अंगभर काटे असलेलं पिल्लू असतं अन् पानाचा हिरवा भाग खरवडून जाळी करून टाकतं, तो वांग्यावरचा ठिपक्यांचा भुंगेरा, दिसायला ढालकिड्याचाच भाऊ पण पाला खाणारा. मोठा झाला तरी रंग मळकट तांबूस, पंखांवर पुष्कळ ठिपके, चकाकी नाही. त्याला हातानं वेचा, पानामागची पिवळी अंडी चुरडा. बारीक दांडीवर एकेक उभी असलेली पांढुरकी अंडी दिसली तर ती क्रायसोपा नावाच्या मित्रकिडीची, तिची पिल्लं मावा अन् बारीक अळ्या खातात, ते पान तोडू नका. माव्यात काही फुगलेले, तपकिरी, न हलणारे दिसले तर त्यांच्या आत बारीक गांधिलीचं पिल्लू वाढून राहिलंय, तेही राहू द्या. भिंतीला मातीची गाडगी करणारी कुंभारीण गांधील घराघरात असते, ती त्या गाडग्यात वाडीतल्या अळ्या कोंबून ठेवते आपल्या पिल्लांना, दरवर्षी रंगकाम करताना आपण खरवडून टाकतो ते थांबवा.

बरबटीच्या शेंड्यावर काळा मावा येतो तेव्हा मी एका टोकाचे वेल तसेच सोडते. वाचायला विचित्र वाटेल पण मावाच नसेल तर ढालकिडे खाणार काय अन् राहणार कशाला. तिथे ते वाढतात अन् मग वांग्याकडे, मिरचीकडे जातात. सांबार अन् शेपू थोडा फुलावर जाऊ द्या, त्या बारीक फुलांवर सिरफिड माश्या अन् गांधिली येतात. जोरात पाण्याचा फवारा मारला तरी पुष्कळ मावा पडून जातो. कोहळ्याच्या नुकत्याच निघालेल्या दोन पानांवर लाल भुंगेरे बसतात त्यांना पहाटे गारव्यात हातानं वेचायचं, तेव्हा ते सुस्त असतात, अन् पानावर चुलीची राख भुरभुरायची, आमच्या सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून करतात. किटमध्ये या भुंगेऱ्यांवर काही नाही. वानरांवरही काही नाही, पण त्यांच्यावर कोणत्याच डब्यात काही मिळत नाही.

पाखरांसाठी टी आकाराची काठी रोवा, कोतवाल त्यावर बसून उडत्या किडीवर, अळ्यांवर झडप घालतो, वावरात पक्षी थांबे लावतात तेच. उन्हाळ्यात फुटक्या माठाच्या बुडात पाणी ठेवलं की साळुंक्या, सातभाई येतात, सातभाई पालापाचोळा उलटवून आतले किडे वेचतात. बुलबुल मात्र पिकलेली भेदरंही टोचतो अन् पोपट पेरू नासवतात, ते धरूनच चाला, नाहीतर फळावर जाळी टाका, ताणून बांधलेली, सैल जाळीत पाखरं अडकतात.

बेडकांबद्दल एक सावधगिरी. पावसाळ्यात बेडूक रात्रभर किडे खातात, त्यांना ओलसर सावलीची जागा, पालथी कौलं, थोडा पाला पाहिजे. पण ही जागा घराच्या दारापासून अन् न्हाणीपासून दूर, वाडीच्या टोकाला करा. जिथे बेडूक अन् उंदीर तिथे साप येणार, आपल्याकडे नाग, घोणस, मण्यार सगळे आहेत. अंधारात वाडीत जाताना टॉर्च अन् पायात बूट पाहिजेतच, पाल्यात हात घालायचा नाही, काठीनं हलवायचं. धामण बिनविषारी असते, उंदीर खाऊन जगते, ती दिसली की मारायला धावू नका, पण ओळख पक्की नसेल तर जवळही जाऊ नका, सर्पमित्राला फोन करा.

घ्यायचं कसं ते सांगते. पूर्ण किट घेऊ नका, त्यातल्या अर्ध्या वस्तूंचे पैसे वाया जातात. सापळा अन् ल्यूर तालुक्याच्या कृषी केंद्रात सुटे मिळतात, मला दोन्ही मिळून शंभर-सव्वाशेला मिळाले अन् पुढच्या वेळी नुसता ल्यूर घ्यायचा, डबा तोच चालतो. आमचा दुकानदार आधी म्हणाला, "ताई, सापळ्यानं काय होते, हे घ्या, एकदा मारा, सगळं साफ होते." मी म्हटलं सगळं साफ नाही करायचं, फक्त माशी पाहिजे, तेव्हा त्यानं मागच्या खोलीतून ल्यूरचा डबा काढला. म्हणून नाव घेऊनच मागा, "कारल्यासाठी क्यू ल्यूर" किंवा "पेरूसाठी मिथाइल युजेनॉल". पाकीट सीलबंद आहे का अन् त्यावरची तारीख काय ते दुकानातच बघा, उघडं पडलेलं किंवा उन्हात ठेवलेलं पाकीट घेऊ नका, वास उडून गेलेला असतो. दोन्ही ल्यूर वेगळ्या डब्यात टांगा, एकात नको. आणि जास्तीचं पाकीट आणलं असेल तर ते लेकरांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी, धान्यापासून दूर, थंड जागी ठेवा अन् टांगायच्या दिवशीच फोडा.